दोन भोकांचं बूच

"सूनबाई, तुझी गाडी चमच्यानं जेवते गं!" पेट्रोल पंप चालवणारी सायरा एजे ओरडली, तशी मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला.

मी कुंदूझला कडेवर घेऊन पंपाच्या भिंतीपलीकडे उभी होते. वारा कुठून येतोय ते आधी बघून घेतलं होतं. पेट्रोलची वाफ लेकराच्या नाकात जाऊ नये म्हणून मी पंपावर नेहमी अशी लांब जाऊन उभी राहते. सायरा एजे, म्हणजे सायराताई, म्हणते, सगळ्या कोचकोर खोऱ्यात वाऱ्याची दिशा तुझ्याइतकी कुणाला पाठ नसेल, मेंढपाळांनासुद्धा. म्हणू दे. तिची मुलं मोठी झाली आहेत.

लांबूनही तो आवाज ऐकू येत होता. टक्. एजे नोझलचा खटका दाबायची, पेट्रोल दोन घोट आत जायचं आणि टक्, पंप आपोआप बंद. टाकी काठोकाठ भरल्यावर यायचा तो आवाज, आणि आमच्या टाकीत तर नुसता खडखडाट. पुन्हा दाबायचं, पुन्हा टक्.

"जरा हळू दाबून बघ ना, एजे!"

"याहून हळू दाबलं तर बर्फ पडायला लागेल."

मागच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ताई, तोवर मी घरी जाऊन जेवून येऊ का?"

गाडीत पुढच्या सीटवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना सगळे अपा म्हणतात, मीही. त्यांनी काच खाली केली. "ये की जेवून. बायकोनं वाढलं तर!"

रांग पुन्हा हसली. मला मात्र हसू येईना. कुंदूझ माझ्या कानातलं ओढत होती आणि मी मनात एकच गोष्ट घोळवत होते: एक सप्टेंबर.

एक सप्टेंबरला माझी शाळा सुरू होणार होती. मी रसायनशास्त्र शिकवते. बाळंतपणानंतर घेतलेली रजा संपत आली होती, आणि शाळेला लागूनच असलेल्या बालवाडीत कुंदूझला जागाही मिळाली होती. मधल्या सुट्टीत भिंतीवरून डोकावलं तरी लेक दिसली असती. पण आमचं गाव शाळेपासून लांब. मिनीबस भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली की तिच्यात उभं राहायलाही जागा उरत नाही. खिडक्या बंद, कुणाच्या मांडीवर कोकरू, कुणाच्या तोंडात सिगारेट. वर्षाच्या लेकराला रोज त्यात कोंबायचं? गाडी होती म्हणून मी शाळेला 'हो' म्हटलं होतं. गाडी नसेल तर शाळा नाही, एवढा सरळ हिशोब होता.

गाडी तशी गुणी. जुनी जपानी, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे आमच्याकडे भलत्याच बाजूला, पण उणे तीसच्या थंडीतही एका किल्लीत सुरू व्हायची. फक्त वसंत संपता संपता हे सुरू झालं. माझा नवरा एर्मेक डोंगरातल्या खाणीवर पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीला जातो. तो आधी म्हणाला, पंपाचाच दोष. मग आम्ही खोऱ्यातले सगळे पंप पालथे घातले, सगळीकडे तेच. नोझल उलटं धरून झालं, तिरपं धरून झालं. टाकीचं झाकण बदललं. नव्या झाकणानं एकच फरक पडला: उन्हातून आलेली गाडी उघडली की ते आधीपेक्षा मोठ्यानं फुस्स करायचं. मग कुबात मेकॅनिकनं भरायची नळी काढली, फुंकली, आरपार बघितली आणि म्हणाला, "हिच्यातून मांजर जाईल. नळीत काही नाही." अपांनी दृष्ट काढायला आर्चाच्या झुडपाची फांदी पेटवून गाडीभोवती धूर फिरवला, "अलास, अलास" म्हणत डिकीतसुद्धा धूर केला. टाकीवर काहीच परिणाम झाला नाही.

त्या दिवशी पंपावरून घरी पोचलो तर अंगणात बाइके चहाला येऊन बसलेले. बाइके म्हणजे माझे थोरले दीर. सुनेनं त्यांचं नाव घ्यायचं नसतं, त्यामुळे त्यांना नाव आहे हेच मी अधूनमधून विसरते. ओढ्यापलीकडे राहतात, घोडे पाळतात, आणि एखादी गोष्ट मनात आली की ती आधीच ठरलेली असल्यासारखी सांगतात.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "सायराच्या पंपावर आज रांग वाढदिवस साजरा करायच्या बेतात होती म्हणे."

"बातमी गाडीपेक्षा लवकर आली," अपा म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे साय सरकवली.

बाइकेंनी बोर्सोक, पिठाचा तळलेला गोळा, सायीत बुडवला. "मी काय म्हणतो, ती गाडी मला द्या. मी तांबूस घोडी देतो. शिंगरासकट."

मी चहा ओतत होते. कपाबाहेर गेला.

"पण गाडीची टाकी भरत नाही, बाइके."

"मला टाकी काय करायचीय? मी डिकीत गॅसचं सिलिंडर बसवून घेणार. पेट्रोल नको आणि तुमचं ते टक्-टक् नको. तुम्हाला डोकेदुखी, मला गाडी. एवढं साधं आहे."

"आणि मी शाळेत कशी जाऊ?"

"मिनीबस आहे की!" ते इतक्या निरागसपणे म्हणाले की रागावताही येईना. ते स्वतः आयुष्यात कधी मिनीबसमध्ये बसलेले नाहीत.

अपांचे डोळे मात्र चमकले होते. "घोडी दूध किती देते?"

"काढणारा थकतो, ती थकत नाही."

 अपांना घरचं कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, किती हवं होतं, हे मला ठाऊक होतं. हिवाळ्यात त्यांना खोकला होतो, आणि त्यांच्या मते त्यावर एकच औषध आहे. तीन उन्हाळे त्या बहिणीकडून डबे भरून आणत होत्या आणि दर वेळी म्हणत होत्या, "दुसऱ्याच्या घरचं कुमीस म्हणजे दुसऱ्याच्या घरची शाल."

रात्री एर्मेकचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

"तांबूस? कपाळावर पांढरा ठिपका असलेली?"

"हो."

पलीकडे तो स्वतःशीच "तांबूस..." असं पुटपुटला.

"एर्मेक?"

"तू म्हणशील ते, बुरुल. गाडी तुझीच आहे. तू ठरव." मग लगेच, "पण ती चालते कशी, बघितलीयस का कधी?"

म्हणजे सासूला दूध हवं, नवऱ्याला चाल हवी, दिराला गाडी हवी. राहिले मी आणि कुंदूझ, आणि कुंदूझला त्या वेळी फक्त माझं कानातलं हवं होतं.

ठरलं ते असं: रविवारी कुंदूझची पायदोरी कापायची होती. मूल पहिली पावलं टाकायच्या बेतात आलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधतात, लांबून मुलं पळत येतात आणि जिंकणारा तो कापतो. त्या दिवशी गावातली वडीलधारी माणसं येणारच होती. त्यांच्यासमोर बाइके आणि एर्मेक हातावर हात मारणार, घोडी इकडे, गाडी तिकडे. "त्याआधी टाकी सुधारली तर मी एक शब्द बोलणार नाही," बाइके म्हणाले. ते उदारपणे बोलले, कारण टाकी सुधारेल असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

शुक्रवारी मी आणि अपा वर कुरणात गेलो, अपांच्या धाकट्या बहिणीकडे, समारंभासाठी कुमीस आणायला. तुर्सुनाय मावशी उन्हाळाभर तिथेच तंबूत असते. रस्ता म्हणजे नुसते दगड. मी प्रत्येक खड्ड्याला "कुंदूझचं डोकं धरा" म्हणत होते आणि अपा प्रत्येक वेळी म्हणत होत्या, "धरलंय, तिचंही आणि माझंही."

मावशीनं तंबूबाहेर लाकडी पिंप आणून ठेवलं. अपा डावानं कुमीस काढणार आणि मी प्लास्टिकच्या डब्याच्या तोंडावर नरसाळं धरणार, अशी वाटणी. मी नरसाळं घट्ट दाबून बसवलं, एक थेंब बाहेर सांडू नये म्हणून. पहिला डाव गेला. दुसरा अर्धा गेला आणि नरसाळ्यातच थांबला. कुमीस तोंडापर्यंत येऊन नुसतं बघत राहिलं. मी नरसाळं आणखी दाबलं. आतून 'गुडुप' असा मोठा आवाज झाला आणि सगळं माझ्या तोंडावर उडालं.

मावशी तंबूला टेकून हसत सुटली. कुंदूझ टाळ्या वाजवायला लागली.

"अगं बाई," अपा म्हणाल्या, "एवढं का दाबतेस? गळा आवळलायस त्याचा. नवं आत जायचं तर आतली हवा कुठून निघणार?" त्यांनी तंबूच्या चटईतली एक काडी उपटली आणि नरसाळं आणि डब्याचं तोंड यांच्यामध्ये खुपसली. नरसाळं केसभर वर उचललं गेलं. "आता बघ."

कुमीस सरसर आत गेलं. थांबणं नाही, आवाज नाही. काडीच्या बाजूनं हवा मात्र बारीक सूं-सूं करत बाहेर येत होती.

मी तोंड पुसायचंही विसरले. माझ्या डोळ्यांसमोर शाळेतली प्रयोगशाळा आली. काचेचा चंबू आणि त्याला दोन भोकांचं बूच. एका भोकातून नरसाळ्याची नळी आत जाते, दुसऱ्यातून वायू बाहेर येतो. दर वर्षी मी मुलांना विचारते, "दुसरं भोक बंद केलं तर काय होईल?" आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी आनंदानं ओरडतो, "स्फोट!" मी म्हणते, "स्फोट नाही, बाळा. काहीच आत जाणार नाही."

काहीच आत जाणार नाही! टक्. आणि झाकण उघडल्यावरचं ते फुस्स!

"मावशी, हिला धरा. हात धुतलेत ना?"

"कुमीसनं धुतलेत," मावशी म्हणाली. त्या दिवशी मी तेवढ्यावर समाधान मानलं.

मी गाडीपाशी गेले आणि गवतात पाठीवर झोपून मागच्या चाकाशेजारून आत सरकले. टाकी मी कधी खालून बघितलीच नव्हती. भरायची जाड नळी ओळखता आली. टाकीच्या वरच्या बाजूनं आणखी एक नळी निघत होती, रबराची, बोटाएवढी. मी बोटानं तिचा माग काढत गेले. ती चाकाच्या वरून वळून मागच्या दाराखाली येऊन नुसतीच लोंबत होती. आणि तिच्या तोंडात बूच होतं.

नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचं बूच. लाल आणि तपकिरी, घट्ट गुंडाळलेलं, आणि कडेनं दुहेरी पांढऱ्या धाग्याची टीप घातलेली. एक टाका डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे. असे टाके घालणारा हात मी रोज बघते. आमच्या ओसरीवर कुंदूझसाठी जो गालिचा चाललाय, तो याच लाल-तपकिरी नमद्याचा आणि याच टाक्याचा.

बाजूच्या गवतात काळे बूट येऊन थांबले.

"काय सापडलं?" अपांचा आवाज.

"अपा, इथे हे काय आहे?"

बूट जरा हलले. "बूच आहे."

"कुणी घातलं?"

"चांगलं बसलंय ना? एवढ्या दगडांतून आलो, हललं का बघ."

मी बूच ओढलं. टाकीनं लांबलचक सुस्कारा सोडला, आणि पेट्रोलचा वास आला. मी रांगत बाहेर आले. अपा गवतात बसल्या होत्या, मांडीवर हात, चेहरा अगदी सरळ.

"तूच म्हणत होतीस ना," त्या म्हणाल्या. "वसंतात. 'अपा, मागे बसलं की पेट्रोलचा वास येतो, लेकराच्या छातीत जाईल.' रात्री झोपेतसुद्धा म्हणायचीस. म्हटलं, बघू तरी. वास घेत घेत गेले गाडीच्या खाली. या वयात! नळी सापडली. उघडी, खुशाल वास सोडत बसलेली. बुजवून टाकली."

"पण तुम्ही तर तेव्हाही धूर फिरवला होता. सगळे म्हणाले, धुरानं वास गेला."

"धूर तर फिरवलाच. दोन्ही केलं. कशानं गेला ते कुणी विचारलं नाही."

"आणि टाकी भरेना तेव्हा?"

"तेव्हा मला काय माहीत, ती त्या बारीकशा नळीतून ढेकर देते म्हणून!" त्या खरोखरच चकित होत्या. मग हातातल्या काडीकडे त्यांचं लक्ष गेलं, मग डब्याकडे, मग नळीकडे. आणि त्या हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत. मीही. मावशीनं लांबून विचारलं, काय झालं, आणि दोघींनाही सांगता येईना.

हसू ओसरलं. बूच त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि तळहातावर फिरवत राहिल्या. मला कळलं त्या काय बघताहेत. घोडी.

 बोलण्यासारखं खूप होतं, पण लग्नानंतरच्या चार वर्षांत मी एवढं शिकले होते की अपा विचार करत असताना मध्ये बोललं की विचार दुसऱ्या बाजूला पडतो.

"मला ती घोडी हवी होती गं," शेवटी त्या म्हणाल्या. "पण लेकरू मिनीबसमधून जाणार असेल तर नको. तिथे सिगारेटी ओढतात." मग एकदम डोळे बारीक केले. "माझ्या थोरल्याला यातलं काही सांगू नकोस. रविवारपर्यंत."

"अपा, लपवायचं कशाला?"

"लपवत कोण आहे? विचारलं तर सांगू. विचारेपर्यंत गप्प बसलं तर काय जीभ दुखते?"

परत येताना सगळ्या काचा उघड्या आणि कुंदूझ पुढे अपांच्या मांडीवर. तरी मी घरी न जाता आधी कुबातकडे गेले. उघडी नळी तशीच ठेवून मी लेकीला त्या गाडीत पुन्हा बसवणार नव्हते.

कुबातनं खाली वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "इथे काळा डबा असतो! कोळशाचा. या गाडीचा कुणीतरी काढून टाकलाय."

"कुणी काढला असेल?"

"कुणीही. आम्ही सगळेच काढतो. कशाचा डबा आहे कुणालाच माहीत नाही, म्हणून काढतो."

मी त्याला सांगितलं की कोळसा वाफ धरून ठेवतो आणि हवेला जाऊ देतो, तेवढ्यासाठीच तो डबा. तो मन लावून ऐकत होता. मग मागच्या अंगणात गेला आणि काढून टाकलेल्या डब्यांच्या ढिगातून आमच्या गाडीच्या जातीचा, न फुटलेला, हलवून कोरडा वाजणारा एक घेऊन आला. बसवला, नळ्या जोडल्या. मी मागच्या सीटवर नाक खुपसून बसले. वास नाही. पुन्हा बसले. नाही.

"आता पंपावर जाऊन बघते," मी म्हटलं.

"मुळीच नाही," अपा म्हणाल्या. "सायराला कळलं की खोऱ्याला कळलं."

शनिवार मी कसा काढला ते मला विचारू नका. बोर्सोकचं पीठ मळताना, मटण धुताना, कुंदूझला भरवताना, सारखा एकच किडा डोक्यात: आणि हे कारणच नसेल तर? आणखी कुठे काही अडकलेलं असेल तर? टाकीतच काही वाकलं असेल तर? एर्मेक संध्याकाळी आला. मी त्यालाही सांगितलं नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कुंदूझला ताप आहे का?" "नाही." "मग तुला आहे का?"

रविवारी अंगण भरलं. बाइके घोडीला लगाम धरून घेऊन आले. तिच्या आयाळीत लाल फीत बांधली होती, मागे शिंगरू सगळ्यांच्या खिशात नाक घालत होतं. घोडी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. एर्मेकनं तिच्या मानेवर हात ठेवला आणि तो काढायलाच विसरला.

कुंदूझच्या पायांना दोर बांधून तिला अंगणाच्या टोकाला उभं केलं. मुलं लांबच्या विजेच्या खांबापासून पळत सुटली. ठिपक्याठिपक्यांच्या गालांची एक मुलगी कोपरं मारत सगळ्यांच्या पुढे आली आणि तिनं दोर कापला. सगळे ओरडले, "चाल, कुंदूझ, चाल!" कुंदूझ धप्पकन खाली बसली आणि कापलेला दोर तिनं तोंडात घातला. मी धावत जाऊन तो काढून घेतला. बायका हसल्या. "चालेल, चालेल," कुणीतरी म्हणालं. "आईनं जमिनीवर ठेवलं की चालेल."

मग जेवणं झाली. बाइके उठले, त्यांनी एर्मेकपुढे हात केला. "चल तर मग."

एर्मेकनं माझ्याकडे बघितलं. मी अपांकडे.

"थांब," अपा म्हणाल्या. त्या उठल्यासुद्धा नाहीत, चहा हलवत होत्या. "एक गोष्ट. ही टाकी आज एका दमात भरली तर?"

बाइके हसले. "अपा, तीन महिने झाले. सगळ्या खोऱ्यानं बघितलंय."

"भरली तर, विचारते मी."

"भरली तर मी घोडी घेऊन गुपचूप घरी जाईन."

"घोडी घेऊन नाही. घोडी ठेवून. हिवाळा लागेपर्यंत, दुधापुरती."

आमच्याकडे ही रीत जुनीच आहे: नात्यात कुणाला गरज असली तर दुभतं जनावर हंगामभर त्यांच्या अंगणात सोडायचं, दूध त्यांचं, जनावर मालकाचं. म्हातारे लोक माना डोलवायला लागले. बाइकेंना सगळ्यांसमोर मागे सरता येईना, आणि सरायचं कारणही दिसेना.

"बरं. आणि नाही भरली तर?"

"तर गाडी ने. वर माझा नवा गालिचा ने."

 तो गालिचा कुंदूझचा होता. अपांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग काय, अख्खं अंगण पंपावर निघालं. आमची गाडी पुढे, मागे गाड्या, त्यांच्यामागे घोड्यांवर तीन म्हातारे आणि तांबूस घोडीवर बाइके, शिंगरू मागे. सायरा एजे खोलीतून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय? लग्न का भांडण?"

"दोन्ही," बाइके म्हणाले. "एजे, टाकी भर. पूर्ण. आणि खटका सोडायचा नाही."

"मी कुठे सोडते? तीच सोडते."

मी गाडीपासून हलले नाही. एर्मेककडे कुंदूझ होती. एजेनं नोझल आत घातलं, खटका दाबला.

पेट्रोल जायला लागलं.

 पंपावरचे आकडे फिरत होते. एजेनं आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुणीतरी म्हणालं, "आता होईल टक्." झालं नाही. बाइके पुढे झाले आणि टाकीच्या तोंडाशी कान लावून उभे राहिले. आकडे फिरतच होते, आणि गाडीच्या खालून, फक्त मलाच कळेल इतका बारीक, सूं-सूं आवाज येत होता.

टक्.

सगळ्या माना एजेकडे वळल्या.

"बघा!" बाइके म्हणाले. "सांगितलं नव्हतं? दाब पुन्हा."

सायरा एजेनं आकड्यांकडे बघितलं, मग त्यांच्या चकचकीत बुटांकडे. "आता दाबलं तर तुमच्या बुटांवर येईल, बाइके. भरली. काठोकाठ."

एर्मेकनं गाडीत डोकं घालून काटा बघितला आणि असा ओरडला की म्हाताऱ्यांचे घोडे बिचकले. कोण कुणाच्या पाठीवर थाप मारत होतं कळत नव्हतं. बाइके मात्र अपांसमोर जाऊन उभे राहिले.

"अपा. काय केलंत?"

"आता विचारलंस ना," अपा म्हणाल्या, "तर सांगते." त्यांनी कोटाच्या खिशातून ते लाल-तपकिरी बूच काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "हे नळीत होतं. सूनबाईनं शोधलं."

बाइकेंनी बूच उलटसुलट केलं. टाके बघितले. लहानपणापासून त्यांच्या टोप्यांना, खोगिरांना, मोज्यांना तेच टाके होते. 

"म्हणजे दुखणंही तुम्हीच आणि..."

"मी वास बंद केला," अपा ठामपणे म्हणाल्या. "टाकी बंद करायला मला कुणी सांगितलं नव्हतं."

बाइके आधी आकाशाकडे बघत राहिले, मग इतके हसले की त्यांना सायरा एजेच्या वाळूच्या बादलीवर बसावं लागलं. "निदान घोडीला तरी कुठे बूच लावू नका," ते म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं, "अगं बघा, बघा!"

एर्मेकनं आनंदाच्या भरात कुंदूझला खाली ठेवलं होतं. ती उभी होती, कशालाही न धरता. बाइकेंच्या बुडाखालच्या लाल बादलीवर तिची नजर होती. तिनं एक पाऊल टाकलं, डोलली, दुसरं टाकलं. सांडलेल्या तेलाच्या काळ्या डागावरून, नोझलच्या लोंबत्या नळीखालून, ती सरळ बादलीकडे निघाली. मी हात पुढे केले. ओरडायला तोंडही उघडलं. पण अपांनी माझा दंड धरला होता, आणि मी ओरडले नाही.

ती बादलीपर्यंत पोचली, बाइकेंच्या गुडघ्याला धरून थांबली आणि मूठभर वाळू उचलून त्यांच्या चकचकीत बुटांवर ओतली.

घरी येताना गाडीत ती मागे झोपली, मुठीत थोडी वाळू तशीच. पुढे घोडीवर एर्मेक होता, आयाळीतली लाल फीत उडत होती. ती कुठल्या बाजूला उडतेय ते बघून मला आठवलं, की पंपावर आज वारा कुठून येत होता ते मी बघितलंच नव्हतं.